हंस रात्री हरभऱ्यात उतरतात, त्यांची संख्या कमी करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयाच्या फुगवट्यालगत एका शेतकऱ्याचं तीन एकर रान आहे. दीड एकर हरभरा, एकरभर गहू, उरलेल्यात वाटाणा. डिसेंबर लागला की डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस शेकड्यांनी पाण्यावर येतात, दिवसा तिथंच बसून राहतात आणि अंधार पडला की रानात शिरतात. दोन वर्षं त्यानं फटाके वाजवून पाहिले. आता कुणी म्हणतं मोठा बार काढणारी कार्बाइडची बंदूक घे, कुणी म्हणतं थिमेटचं विष टाक. त्याला विचारायचंय की यांची संख्या कमी करायचा कायदेशीर मार्ग आहे का, आणि नुकसानीचे पैसे मिळतात का.

मी बेळगावचा. गेली बावीस वर्षं शेतकरी आणि जंगली प्राणी यांच्या भांडणात मध्ये पडायचं काम करतोय. सुरुवात खानापूरकडच्या डुकरांपासून आणि गव्यांपासून झाली, पाखरं नंतर आली. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी हिडकल, नविलतीर्थ, कधी गदगकडं मागडी असं हिंडणं होतं, त्यामुळं हे हंस बऱ्यापैकी ओळखीचे आहेत. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात, आपल्याकडं सरसकट राजहंस, आणि शेजारच्या कानडी गावात विचारलंत तर 'पट्टेतले हेब्बातु'. तिन्ही नावांचा पक्षी एकच.

तर पाव्हणं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे त्यात वेळ जायला नको. संख्या कमी करणं तुमच्या हातात नाही, माझ्या नाही, आणि बेंगळुरूत बसलेल्या कुठल्या साहेबाच्याही नाही. कायदा हे एक कारण आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मारणं, विष घालणं, फास किंवा जाळं लावणं हा सरळ गुन्हा. (रानातून इजा न करता हुसकावून लावणं हा गुन्हा नव्हे, तेवढी भीती बाळगू नका.) पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी ते जमणारं नाही, कारण हा पक्षी इथं वाढतच नाही. त्याची अंडी-पिल्लं लडाख, तिबेट, चीनमधलं चिंघाई सरोवर, मंगोलिया अशा उंच, गार मुलखात होतात. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले हंस म्हैसूरजवळच्या तळ्यावर पाहिले गेले आहेत. म्हणजे तुमच्या हरभऱ्यातला पाहुणा हिमालय ओलांडून आलाय. काही हंसांच्या अंगावर यंत्रं बसवून मोजलं, तेव्हा ते सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद झाली. इथं तो चार महिने जेवायला येतो. जेवायला आलेल्या माणसाच्या घरातली पिल्लं आपण मोजू शकत नाही.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण अमेरिकेतले व्हिडिओ बघून मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, "तिकडं अंड्यांना तेल चोळतात म्हणे, आपल्याकडं का नाही?" तिकडचा कॅनडा हंस वेगळा. त्याची एक मोठी जात तर नामशेष झाली असंच धरून चालले होते, ती १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात पुन्हा सापडली. नंतर त्यांना जपलं, ठिकठिकाणी सोडलं, आणि हिरवळीची मैदानं, गोल्फची मैदानं, तळी अशी सोय बघून ते तिथंच कायमचे राहिले. घरटं बागेतच, मग अंड्यावर मक्याचं तेल चोळलं की आतला जीव वाढत नाही आणि मादी बिचारी उबवत बसते. २००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये विमानाच्या दोन्ही इंजिनांत हे हंस शिरले आणि वैमानिकाला विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. त्यानंतर तिथं विमानतळांभोवती हंस पकडून मारण्याचा सपाटाच लावला. उत्तर युरोपात गुलाबी पायांच्या हंसांसाठी तर स्वालबार्डपासून बेल्जियमपर्यंतच्या देशांनी एकत्र बसून २०१२ मध्ये आराखडा केला आणि साठ हजारांच्या आसपास संख्या ठेवायची असं ठरवलं. बघा, एका जातीसाठी इतके देश एका टेबलाला बसावे लागले. आपला पक्षी ज्या मध्य आशियाई मार्गानं येतो त्यावर तीस देश आहेत. तेव्हा ते सोडून द्या.

तुमचा खरा प्रश्न हंस किती आहेत हा नाहीच. पाण्याला चिकटून असलेल्या, कोवळ्या, मोकळ्या रानात ते कुठल्या आठवड्यात आणि रात्री किती वाजता उतरतात, हा आहे. त्यात मात्र बरंच काही करता येतं.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमचं रान उताऱ्यातलं आहे की पाणी ओसरल्यावर उघडं पडणाऱ्या गाळातलं, म्हणजे गाळपेरीचं? पेरणी कधी केली? पाण्याची कड आणि बांध यात किती पावलं अंतर आहे? आणि शेजारच्यांनी काय पेरलंय? या चार उत्तरांवर पुढचं निम्मं सांगणं बदलतं. मी तुमची जमीन पाण्यालगत, पेरणी उशिराची आणि शेजारी सगळे हरभरा-गहूवाले असं धरून लिहितो, कारण तिकडं बहुतेकांचं तसंच असतं.

सगळ्यात आधी खात्री करा की खाणारा हंसच आहे. हसू नका. खानापूर तालुक्यातल्या एका गावात सगळे शपथेवर सांगत होते की उन्हाळी भात हंस खातात. मी दोन रात्री बांधावर घोंगडं घेऊन बसलो. हंसाचं एक पीस नव्हतं. उतरत होती ती हळदीकुंकू बदकं आणि अडया. त्या गावच्या कट्ट्यावर मी आधी हंसांवर तासभर भाषण ठोकलं होतं, त्यामुळं फजिती कुणाची झाली ते वेगळं सांगायला नको. ओळखायचं कसं? हंस पान खुडतो, ओढून तोडतो, त्यामुळं कड फाटल्यासारखी दिसते. ससा देठ तिरपा तोडतो, सुरीनं कापल्यासारखा. डुकरानं उकरलेलं लपत नाही. करकोचे बहुतेक दिवसाउजेडी येतात आणि त्यांच्या पावलाला पडदा नसतो. हंसाच्या तीन बोटांमधला पडदा ओल्या मातीत छान उमटतो. आणि हंसाची शीट बघा: बोटासारखी लांबट, हिरवट, टोकाला पांढरी. ती रानभर दिसली तर पुढं वाचा.

मग नुकसान मोजा. डोळ्यांना दिसणारं नुकसान आणि मळणीला कमी आलेलं धान्य यात फार फरक असतो, आणि बहुतेक भांडणं डोळ्यांना दिसणाऱ्यावर होतात. गव्हाचा वाढीचा कोंब कांडी धरेपर्यंत जमिनीलगत, पात्यांच्या आत सुरक्षित असतो. त्यामुळं पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात हंसानं पाती वरवर कुरतडली तर रान सकाळी भुंडं दिसतं खरं, पण गहू पुन्हा फुटतो. तीच गोष्ट हरभऱ्याची. आपल्याकडं महिन्याभराच्या हरभऱ्याचे शेंडे बायका खुडतात, भाजी होते आणि फांद्याही फुटतात. हंसानं त्या दिवसांत हलकेच खुडलं तर त्यानं तुमचं काम फुकटात केलं असं मी गमतीनं म्हणतो. शेतकरी हसत नाहीत ते सोडा. पण गव्हानं कांडी धरल्यावर, हरभरा फुलावर आल्यावर, किंवा पाणी दिलेल्या ओल्या काळ्या रानात शंभर हंस रात्रभर तुडवत फिरले, तर तो तोटा भरून निघत नाही. दोन-तीन किलोचा पक्षी आहे तो, चिमणी नव्हे.

मोजायची सोपी रीत सांगतो. एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा, त्यावर जुन्या कोंबड्यांच्या जाळीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा पिंजरा ठेवून खुंट्या मारा. असे चार, दोन पाण्याच्या बाजूला, दोन आतल्या बाजूला. प्रत्येकाशेजारी तेवढाच उघडा चौकोन काठ्या रोवून ठेवा. मळणीला आठही चौकोन वेगळे कापा आणि वजन करा. चौरस मीटरमागं शंभर ग्रॅम फरक आला तर एकरी चार क्विंटल गेले असा हिशोब. हे आकडे तुमच्या वहीत असले की फॉरेस्टवाल्यांशी, विम्यावाल्यांशी आणि स्वतःशीही बोलणं सोपं होतं. माझा अनुभव असा की पाण्यालगतच्या पट्ट्यात खूप आणि आत गेल्यावर फारसं काही नाही, असंच चित्र बहुतेक वेळा निघतं. तुमचं तसं निघालं तर तीन एकर राखायची गरज नाही, एक पट्टा राखायचा आहे.

आता माझी एक चूक. बरीच वर्षं झाली, सौंदत्तीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात लोक वैतागले होते. मी तेव्हा नवा होतो. मी सांगितलं, संध्याकाळी पाण्यावरच फटाके लावा, बसायलाच देऊ नका. तीन दिवस हंस दिसले नाहीत आणि मला चहा-चिवडा मिळाला. चौथ्या रात्री ते परत आले. संध्याकाळी नाही, मध्यरात्रीनंतर, आणि दोन टोळ्या होऊन. एक टोळी शेजारच्या गावात उतरली. आठवड्यानं शेजारच्या गावची माणसं ट्रॅक्टरमधून भांडायला आली, आणि आमच्या गावातलं खाणं काही कमी झालं नव्हतं, उलट वाढलं.

का वाढलं ते कळायला मला नंतर दोन हंगाम लागले. हंस गवत खातो, पण गायीसारखं रवंथ करून पचवत नाही. खाल्लेलं एक-दोन तासांत बाहेर पडतं, म्हणून त्याला सारखं खात राहावं लागतं. दिवसा पाण्यावर नुसता बसून राहतो तेव्हा तो ताकद वाचवत असतो. उडायला तर खर्च फार. तुम्ही त्याला दिवसा दहा वेळा उठवलंत, तर त्या दहा उड्डाणांची भरपाई तो रात्री तुमच्याच रानातून करणार. तेव्हापासून माझा नियम: पाण्यावर हंसाला हात लावायचा नाही. तिथं शांतता, रानात जाच. दोन्ही एकाच वेळी हवं. नुसती शांतता ठेवली तर ते माजतात आणि नुसता जाच केला तर ते भुकेले होतात.

रानातला जाच कसा करायचा? सगळ्यात भारी हत्यार म्हणजे माणूस. हंस आवाजाला सरावतो, बुजगावण्याला सरावतो, चकाकणाऱ्या फितीला सरावतो. जे हलतं पण कधीच अंगावर येत नाही ते निर्जीव आहे हे त्याला चार-सहा दिवसांत कळतं. माणूस चालत अंगावर येतो हे मात्र तो विसरत नाही. पण रात्रभर राखणीला बसायची गरज नसते. हंस उतरताना आधी एक लहान टोळी येते, घिरट्या घालते, उतरते. वरचे बाकीचे खाली बसलेल्यांना बघून उतरतात. (शिकारी याचसाठी लाकडी हंस मांडून बसतात.) त्या पहिल्या टोळीला जमिनीवर टेकू दिलं नाही तर निम्मी रात्र जिंकली. म्हणून दिवस मावळल्यापासून दीड-दोन तास आणि पहाटे उजाडायच्या आधीचा तास, एवढा पहारा कडक ठेवा. पौर्णिमेच्या आसपास ते चांदण्यात उशिरापर्यंत चरतात, त्या चार-पाच रात्री जादा धरा. तुम्हाला पाण्याची मोटर रात्रीच चालू करावी लागत असणार, तेव्हा तशीही चक्कर होते. ती चक्कर घड्याळाप्रमाणं न करता वेळ बदलून करा आणि डोक्याला बॅटरी बांधून थेट त्यांच्याकडं चालत जा. बुजगावणं लावायचं तर दर दोन दिवसांनी जागा आणि शर्ट बदला, आणि एखाद्या संध्याकाळी बुजगावण्याच्या शेजारी तसाच शर्ट घालून स्वतः उभे राहा. हे ऐकायला वेडपट वाटतं. काम करतं.

दुसरं, हंसाला मोकळं आवडतं. उतरायला लांब धाव लागते आणि मान वर केली की चहूकडं दिसायला हवं. चारी बाजूंनी ऊस किंवा जोंधळा उभा असलेल्या लहान तुकड्यात तो सहसा जात नाही. आपले वाडवडील हरभऱ्याच्या कडेनं करडईची पाटी घालायचे, गुरांनी तोंड घालू नये म्हणून. तीच काटेरी पाटी पाण्याच्या बाजूनं चार-पाच ओळींची घातली तर चालत येणारे हंस अडतात, कारण ते पुष्कळदा पाण्यात उतरून मग पायी रानात शिरतात. यंदा ती वेळ गेली, पुढच्या पेरणीला करा. यंदासाठी सुतळी. तुरीच्या तुराट्या रोवून पाण्याच्या कडेनं दोन ओळी ओढा, एक जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी, आणि हाताहाताच्या अंतरावर जुन्या लुगड्याच्या पांढऱ्या चिंध्या बांधा. छातीला काहीतरी अडतंय आणि अंधारात ते नीट दिसत नाही, हे हंसाला अजिबात आवडत नाही. सुतळी काथ्याची घ्या. मासे धरायची नायलॉनची तंगूस किंवा मांजा नको, त्यात घुबडं आणि टिटव्या अडकून मरतात. आणि सुतळीच्या जागी तार ओढून त्यात थेट लाइन सोडायची कल्पना कुणी दिली, तर त्याच्याशी बोलणं बंद करा. अशा तारांनी आपल्याकडं माणसं मेली आहेत, त्यात तार लावणारा स्वतःही असतो.

हिरव्या लेझरबद्दल विचारतात. अंधारात हंस त्याला खरंच बिचकतात. पण तुमच्या रानापलीकडून रस्ता जातो का, कुणाच्या डोळ्यात जातंय का, हे रात्री सांभाळणं अवघड. सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपासच्या गावांनी तर त्याला हात लावू नये. कुत्रं सोडायचं तिकडं विलायतेत चालतं, ती कुत्री शिकवलेली असतात. आपली तशी शिकवलेली नसतात, ती पक्षी धरून फाडतात आणि मग गुन्हा तुमच्या नावावर.

कार्बाइडची बंदूक? नको. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिनं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. आणि हंस तिला आठवड्यात सरावतो ते वेगळंच. थिमेटचं तर नावच काढू नका. थिमेट म्हणजे फोरेट, ते २०२० अखेरपासून देशात बंद आहे, तरी कुणाच्या तरी माळ्यावर जुना डबा असतोच. विष घातलेला दाणा हंसाआधी तुमची कोंबडी खाईल, शेजाऱ्याची म्हैस चाटेल, उरलेलं पाण्यात जाईल, आणि मेलेला हंस कुणीतरी घरी नेऊन शिजवेल. मी एका गावात हे जवळून पाहिलंय. तपशील सांगत नाही.

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी भाग. हंसाला 'इथून जा' म्हणायचं तर 'तिथं जा' असं काहीतरी द्यावं लागतं. युरोपात सरकारं पैसे देऊन कुरणं राखून ठेवतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावर हंस हुसकायचे नाहीत असे भाग आणि हुसकायचे असे भाग वेगळे ठरवले गेले. आपल्याकडं एवढा पैसा कुठून आणायचा? पण जागा आहे. जलाशय उतरताना सगळ्यात खालचा जो पट्टा उघडा पडतो तिथं हरळी आणि लव्हाळा आपोआप येतो. आपण करतो काय, तर पाणी जसं मागं सरकतं तसं त्याच्या मागोमाग जाऊन शेवटच्या ओलीपर्यंत पेरतो. उशिरा पेरलेलं ते कोवळं पीक जानेवारी-फेब्रुवारीत, हंस भरात असताना, त्यांच्या तोंडासमोर ताटासारखं येतं. पाण्याच्या कडेचा तीस-चाळीस पावलांचा पट्टा पेरूच नका, गवताला सोडा. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून सोडला तर चांगला लांब पट्टा होतो. त्यात हंस बसले तर उठवायचं नाही. त्याच्या वरच्या बाजूला सुतळी, आणि सुतळीच्या आत पाय टाकला की माणूस. ही रेघ त्यांना कळते. दोन आठवडे जातात, पण कळते. हंस कुटुंबानं राहतात, पिल्लं आईबापांबरोबर पहिल्या हिवाळ्यात इथं येतात (डोक्यावर स्पष्ट पट्टे नसलेले दिसले तर ती यंदाची पिल्लं) आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परततात. म्हणून यंदाची मेहनत पुढच्या वर्षीही थोडी कामाला येते.

अडचण हंसांची नसते, म्हशीवाल्यांची असते. राखून ठेवलेलं गवत डिसेंबरातच म्हशींनी साफ केलं की हंस सुतळीकडं येणारच. त्यामुळं आधी गावात बसून बोला, कुणाच्या म्हशी कुठं चरायच्या ते ठरवा, आणि ज्याची जमीन त्या पट्ट्यात जास्त जाते त्याला बाकीच्यांनी दोन-तीन पोती धान्य वर्गणीनं द्या. मी जिथं जिथं हे जमलेलं पाहिलंय तिथं अशा वर्गणीनंच जमलंय. जिथं एकट्यानं जमीन सोडली तिथं दुसऱ्या वर्षी त्यानं नांगर घातला. भातकापणी झालेली रानं जवळ असतील तर तीही लगेच नांगरू नका, जाळू तर मुळीच नका. सांडलेला दाणा खाऊन हंस गव्हाकडं उशिरा वळतात.

गदग जिल्ह्यातल्या मागडीचं उदाहरण लोक देतात. शिरहट्टी तालुक्यातलं ते तळं २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. दिवसा हजारो हंस तळ्यावर, रात्री आजूबाजूच्या रानात, आणि गावकरी त्यांना मारत नाहीत. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की तळ्यावर त्यांना कुणी छेडत नाही. तिथल्या शेतकऱ्याला तोटा होत नाही असं मात्र समजू नका. पाहुणे बघायला येणाऱ्या शहरी लोकांनी तिथं जाऊन 'किती सुंदर' म्हणायचं आणि शेतकऱ्यानं 'हो ना' म्हणायचं, हे मला जरा जड जातं.

पैशांचं. इथं उताऱ्याचा प्रश्न येतो. पंचनामा व्हायचा तर रान तुमच्या नावावर असल्याचा कागद लागतो. गाळपेरीची जमीन धरणाच्या खात्याची. परवानगीचा कागद नसेल तर त्या पट्ट्याची भरपाई मागायचा मार्ग जवळजवळ बंद. म्हणूनही तो पट्टा गवताला सोडायला मी सांगतो. उताऱ्यातल्या रानासाठी लगेच मोबाईलवर फोटो काढा, पाऊलखुणा आणि शीट दिसेल असे, आणि फॉरेस्ट ऑफिसात अर्ज द्या. कर्नाटकात हे अर्ज ई-परिहार या व्यवस्थेतून पुढं जातात. अर्ज कानडीत भरायचा असतो, तेव्हा चांगलं लिहिणारा सोबती घ्या. चुकीच्या रकान्यात पडलेला अर्ज महिनाभर कुणी वर काढत नाही. मात्र ही सगळी घडी हत्ती, गवा, डुक्कर डोळ्यांपुढं ठेवून बसलेली आहे, पाखरांचा अर्ज साहेबाला जरा नवा वाटतो, म्हणून तुमच्या पिंजऱ्यांचे आकडे जोडा. विम्याचं सांगायचं तर, केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून पीकविम्यात जंगली प्राण्यांनी केलेलं नुकसानही धरलं जाईल. त्यात ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवावं लागतं आणि कुठले प्राणी मोजायचे ती यादी राज्य काढतं. विमा भरायच्या आधी तुमच्या होबळीच्या (महसूल मंडळाच्या) रैत संपर्क केंद्रात जाऊन त्या यादीत पाखरं आहेत का ते विचारा. नसतील तर सात-आठ गावांनी मिळून, मोजलेल्या आकड्यांसह निवेदन द्या.

एक इशारा, यात हयगय नको. मेलेला किंवा मान टाकलेला हंस दिसला तर हात लावू नका, पोरांना जाऊ देऊ नका, पशुवैद्यकाला कळवा. २००५ मध्ये चिंघाई सरोवरावर बर्ड फ्लूनं हजारो पाणपक्षी मेले, त्यात हेच हंस सर्वांत जास्त होते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातल्या पोंग धरणावर तेच झालं. आपल्याकडं घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण गावठी कोंबड्या फुगवट्याच्या कडेला चरायला सोडू नका आणि रानातून आल्यावर चिखलाच्या चपला खुराड्याबाहेर काढा.

मार्चमध्ये ते निघतात. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, तोवर फुगवट्यावर एकही उरलेला नसतो. म्हणजे तुमच्या हातात आता फार तर आठ-दहा आठवडे आहेत. आजच पिंजरे ठेवा, उद्या सुतळी ओढा, आणि पहिल्या तीन रात्रींचं एवढं टिपून मला कळवा: पहिली टोळी किती वाजता आली, थेट रानात उतरली की पाण्यातून चालत आली, आणि शीट बांधापासून किती पावलं आतपर्यंत दिसली. फोटो काढलेत तर फ्लॅश बंद ठेवा.